थर्माकोलच्या कपाळावरची टिकी

मला घराबाहेर काढलं ते सुकदेव आबांनी.

हे वाक्य माझ्या नणंदेनं वाचलं तर ती म्हणेल, वहिनी, असं काय लिहिता, लोक भलतंच समजतील. पण खरं ते तसंच आहे. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा मी खोलीत होते, आणि आबा नसते तर आजही खोलीतच असते. म्हणून आधी त्यांचं नाव. पुढचं जसं आठवेल तसं. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. आधी काय नि मागून काय हे लावताना माझी अजून तारांबळ होते.

माहेर माझं देवगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. वडील मचव्यावर मासेमारीला जायचे. लग्न झालं आणि हे एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक असल्यामुळे बिऱ्हाड थेट धुळ्याला. नव्वद साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. खोली पांझरा नदीजवळच्या एका गल्लीत मिळाली. नदी आहे म्हटल्यावर मी पहिल्याच संध्याकाळी हौसेनं बघायला गेले. नदीत वाळू, वाळूत म्हशी, आणि पाणी कुठे आहे ते विचारून घ्यावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर एका बाईनं विचारलं, "तू कोठली शे वं?" मला त्यातलं फक्त ‘शे’ कळलं. आमच्याकडे शे म्हणजे शंभर; त्यांच्याकडे ‘आहेस’, हे मागून कळलं. ती कसले शंभर विचारते आहे ते समजेना, म्हणून मी घाबरून म्हटलं, "नाही हो, मी एकटीच आलेय." नळावरच्या सगळ्या बायका हंडे खाली ठेवून हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नाही. त्या दिवसापासून नळ रिकामा झाला की मी जायची, उरलंसुरलं पाणी भरायची, आणि आत येऊन कडी लावायची. हे कामावर गेले की कडी, आणि हे आले की कडी काढायची. माझा दिवस म्हणजे एवढाच.

अशाच एका दुपारी तो आवाज आला. किंचाळी नाही, करकर नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. दातांतून शिरून मणक्यात उतरणारं. थांबायचा, परत सुरू व्हायचा. मला वाटलं, कोणीतरी मांजराचं पिल्लू पिळतंय. कानांवर उशी धरली तरी येई. शेवटी दाराच्या फटीतून पाहिलं. समोरच्या अंगणात एक माणूस बसला होता आणि तो अख्खा पांढरा होता. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, हातांवरचे केस पांढरे. मांडीवर एक भलंमोठं पांढरं डोकं, आणि त्या डोक्याच्या नाकपुडीत करवतीचं पातं घालून तो सावकाश ओढत होता.

मी ओरडले. तो दचकला नाही. पातं तसंच ठेवून माझ्या दाराकडे बघत म्हणाला, "भ्यायलीस का पोरी? मी नाही ओरडत, हा ओरडतो. नाक काढताना सगळेच ओरडतात."

मी फटीपासून मागे सरले.

"दार उघडू नको, पण एक सांग. तुला तिकडून याचा डावा गाल दिसतो. जास्त फुगला का?"

मी फटीतून पाहिलं. फुगला होता. "हो," म्हटलं.

"मग तू सांगत राहा, मी काढत राहतो."

फटीतून नीट दिसेना, म्हणून मी कडी काढली. त्या दुपारी उंबरठ्यावर बसून मी एका थर्माकोलच्या माणसाचा गाल कमी करवून घेतला. धुळ्यात मी कुणाशी एवढं बोलले, ते तेव्हा पहिल्यांदा.

सुकदेव आबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरचे तक्ते, ही पोटाची कामं. तोंडं ही जिवाची. तोंडं म्हणजे थर्माकोलची डोकी: लांबोडकी, रुंद नाकाची, दात विचकलेली, कधी नुसतीच रुसलेली. कंबरेएवढी, छातीएवढी. घेणारं कोणी नव्हतं. ती त्यांच्या अंगणाच्या भिंतीला टेकून उभी असत आणि गल्लीतला दूधवाला जाता-येता त्यातल्या एकाला "काय मामा" म्हणत असे. दोन-चार अमळनेरकडच्या पाहुण्यांनी शेतात बुजगावणी म्हणून नेली होती. पाखरं भ्यायली नाहीत, पण शेजारचा वाटेकरी भ्यायला, अशी बातमी आली. आबा त्यावर आठवडाभर खूश होते.

माल सगळा फेकलेला. तेव्हा रंगीत टीव्ही आणि फ्रीज घरोघर येऊ लागले होते, आणि खोक्यांतलं थर्माकोल दुकानांच्या मागे पडून असायचं. दिवाळी झाली की आबा सायकल काढत. परत येताना सायकल दिसायची नाही, एक पांढरा ढीग दोन चाकांवर चालत यायचा. एकदा जळगावकडचं एक केळीचं कोल्ड स्टोरेज पाडलं, तर त्याच्या भिंतींतल्या जाडजूड लाद्या ते टेम्पोत घालून घेऊन आले. शेवंताअक्का, म्हणजे आबांची बायको, दारात उभी राहून बघत होती. "आते पापड कोठे वाळाडू? तुमना डोकावर?" तिनं विचारलं. आबा म्हणाले, "डोकी होऊ दे, मग वाळव."

लादी हातात आली की बोटाच्या पेरानं ठोकायचे, आपण कलिंगड ठोकतो तसं. टीव्हीचं थर्माकोल बडबडं, म्हणायचे, काहीही करू देतं आणि मग मोडतं. केळीचं घट्ट आणि मुकं. उन्हाळ्यात त्या लाद्यांना खरोखरच पिकल्या केळीचा वास यायचा. आणि खानदेशचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. तारेच्या धनुकलीनं कापायची सोय त्यांनी केली होती. शेगडीची जुनी तार, ट्रकची उतरलेली बॅटरी. तार तापली की साबणासारखं कापायचं. पण तार ते फक्त मोठे तुकडे पाडायला वापरत. तोंडाला नाही. "तार फार गुळगुळीत करते. गुळगुळीत तोंड पुढाऱ्याचं होतं."

तोंड घडलं की त्यावर खळीनं कागदाचे थर द्यायचे, वर खडूची पूड, मग रंग. कारण ऑइलपेंट थेट लावला तर थर्माकोल विरघळून जातं. हे कागद लावायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, कोणी मागितलं नाही. मी उंबरठ्यावरून अंगणात, अंगणातून त्यांच्या ओट्यावर, अशी सरकत गेले. अक्का मला अहिराणी शिकवायची आणि माझ्या मालवणीवर तोंडाला पदर लावून हसायची. बाकी बायकांनाही कळलं, की समोरच्या खोलीतली मुकी नाही.

आबांना तोंडं मिळायची बसस्टँडवर. कधी कधी संध्याकाळी ते स्टँडवर जाऊन बाकावर बसत. कुठे जायचं नसे. पारोळ्याची गाडी लागली की चढणारी माणसं बघायची, चाळीसगावची आली की उतरणारी. "चढणारा माणूस तोंड आवळतो, उतरणारा सोडून देतो. मला उतरणारी पाहिजेत." एकदा एका हवालदारानं त्यांना हटकलं. सारखा येतो, गाडीत बसत नाही, लोकांकडे टक लावून बघतो. खिसेकापू नाहीतर काय?

"काय बघतो रे?"

"तोंडं, साहेब."

"कशाला?"

"घरी नेतो."

ते बिचारे खरं सांगत होते. हे डेपोतून धावत गेले म्हणून सुटका झाली. पुढच्या महिन्यात भिंतीला टेकून एक नवं तोंड उभं राहिलं, भुवया वर, ओठ आत, गाल कडक. ह्यांनी पाहिलं आणि दाराशीच थबकून म्हणाले, "आबा, हे झाका. तो ह्याच रस्त्यानं ड्युटीला जातो."

गणपतीच्या दिवसांत मंडळांची माणसं यायची. आबा मखर करायचे, खांब, कमानी, मोर, हत्ती, सगळं. पण मंडळाचा पोरगा म्हणाला, की आबा, या वर्षी मूर्तीही तुम्हीच करा की थर्माकोलची, वजनाला हलकी, तर आबा हात पुसायला लागायचे. "मखर करीन. आत कोण बसतो ते तुम्ही बघा." पोरं समजायची, की आबा बौद्ध आहेत म्हणून. ते होतंच. पण आणखीही होतं. ते त्यांनी मला एकदा कागद लावता लावता सांगितलं, वर न बघता.

त्यांचे वडील गावात लाकडाचे मुखवटे घडवायचे. गावात सोंगं निघायची, त्यांचे मुखवटे. राक्षस, देव, देवी, सगळे यांच्याच घरच्या ओट्यावर जन्मायचे. "घडवताना हात आमचे चालायचे," आबा म्हणाले. "लाकूड आमचं, घाम आमचा. पण शेंदूर लागला की आम्ही लांब. बापानं घडवलेल्या देवाला बापानं हात लावला, तर देव धुवायचे." मग दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले. टोपली लहानग्या सुकदेवच्या डोक्यावर. दोघे नदीपर्यंत चालत गेले. सोडून झाल्यावर वडिलांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाले, तोंडं पाहिजे तेवढी कर, पण या हातानं आता देव घडवायचा नाही. शब्द दे.

"दिला," आबा म्हणाले. "बापानं माझ्याकडून तेवढंच मागितलं. दुसरं काही नाही."

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पारोळा रोडला बन्सीशेठ म्हणून एकानं नवं हॉटेल काढलं. बाग, कारंजं, झोपाळे, वर छत्र्या. नाव ठेवलं हॉटेल सागरकिनारा. शेठचा मेव्हणा बोटीवर कामाला होता. त्यानं कुठल्याशा बेटावरून चिनी मातीचा एक पेला आणला होता. त्या पेल्यालाच तोंड होतं. मोठे दात, फुगलेलं नाक, बारीक डोळे. शेठनं तो पेला फडक्यात गुंडाळून आबांकडे आणला.

"आबा, तुम्ही करता तसलंच आहे हे! तिकडे बागेत, हॉटेलात उभे करतात म्हणे. मेव्हणा म्हणतो याला टिकी म्हणतात. मला माणसाएवढ्या टिक्या पाहिजेत. गेटवर एक मोठी, बाकी बागेत."

आबांनी पेला हातात फिरवला. इतकी वर्षं ते जे काही करत होते ते जगात कुठेतरी दुसरंही कोणी करतं, याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. पण मग त्यांनी विचारलं, "हा देव आहे का?"

शेठ हसला. "कसला देव, दारूचा पेला आहे."

"मग करतो."

शेठ पेला घेऊन गेला. उरला तो शब्द. टिकी म्हणजे काय, यावर आमच्या ओट्यावर बराच खल झाला. पेल्यावर तर आबांना टिकी म्हणावं असं काही दिसलं नव्हतं. अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "टिकी म्हणजे टिकी! कपायले लावतस ती. येवढं बी कळत नही का तुमले?" आणि आम्हां सगळ्यांना पटलं. अहो, खानदेशात टिकी म्हणजे कपाळावरची टिकलीच. पेल्यावरची पुसली गेली असेल, असं ठरलं. टिकी हे तिकडच्या बेटांवर त्या तोंडांचंच नाव, हे मला फार पुढे कळलं. आबांनी प्रत्येक तोंडाच्या कपाळावर रुपयाएवढी गोल टिकी कोरायचं मनाशी पक्कं केलं. गेटवरच्याला बशीएवढी.

गेटवरच्या तोंडासाठी केळीच्या लाद्या एकावर एक चिकटवल्या. उंची माझ्या डोक्याच्या वर. कापायला सुरुवात करण्याआधी आबा दोन दिवस नुसतेच त्या थप्पीभोवती फिरले. मग मला म्हणाले, "पोरी, शेठ म्हणतो यांची तोंडं समुद्राकडे असतात. मी समुद्र पाहिला नाही. समुद्राकडे बघताना तोंड कसं होतं?"

मला एकदम वडील आठवले. मचवा यायला उशीर झाला की आई आम्हांला घेऊन किनाऱ्यावर उभी राहायची. आणि वडील घरी असले, की ते दुसऱ्यांच्या मचव्यांची वाट बघत उभे असायचे. मी म्हटलं, "डोळे बारीक होतात आबा. पाणी चकाकतं ना. आणि ओठ मिटलेले असतात, पण आतून जीभ फिरते. वारा खारट असतो, तो ओठांवर बसतो. आणि माणूस दूर बघतो, पण काही बघतोय असं वाटत नाही."

"बापाला बघून सांगतेस का?"

"हो."

आबांनी ते तोंड घडवलं. ते झालं तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहू शकले नाही, आत जाऊन भांडी घासत बसले. आबांच्या हातून तसं दुसरं तोंड झालं नाही. हे त्यांचंही मत होतं. माझं मत कोण विचारतो, पण माझंही होतं. मग त्याच्या कपाळावर लालभडक टिकी लागली, आणि ते टेम्पोतून पारोळा रोडला गेलं.

हॉटेल सुरू झालं. थोडे दिवस गेले आणि एक दिवस हे कामावरून येऊन म्हणाले, "आबा, तुमच्या गेटवाल्याला कोणीतरी शेंदूर लावलाय."

आबा हसले. "लावला असेल कोणी दारुड्यानं."

पण दुसऱ्या आठवड्यात हार होता. मग नारळ फुटायला लागले. आबा मला आणि अक्काला घेऊन बघायला गेले. गेटवर ट्रक थांबलेले. एक क्लीनर पोरगा तोंडाच्या पायाशी उदबत्ती खोचत होता. आबांनी त्याला विचारलं, "हा कोणता देव आहे रे?"

"माले काय माहीत! कपायवर आधीच लायेल व्हतं. बठ्ठा लावतस म्हनीसन मी बी लावं."

कपाळावर आधीच लावलेलं, म्हणून सगळे लावतात. ती आमची टिकी. आबा खाली बसले. रस्त्याच्या कडेला, तिथंच. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिनं जे म्हटलं ते मी विसरले नाही: "तुमना बापनी देव नदीमा सोडात, आन् तुम्ही हायवेवर उभा कयात."

त्यानंतर अक्का त्यांच्याशी बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, पण ताट ठेवून जायची.

आबा शेठकडे गेले. टिकी काढून टाकू द्या, म्हणाले. शेठनं तोपर्यंत तिथं एक घंटा बांधली होती. "आबा, देव आपण आणतो का? तो येतो. आलेल्याला मी कसा हाकलू?" आणि आवाज खाली आणून, "गाड्या थांबताहेत हो. चहा पितात, जेवतात. तुमचेच उपकार."

मग आबा कोणाला न विचारता पॉलिशपेपर घेऊन गेले. मी सोबत होते. भर दुपार, गेटवर पाच-सहा माणसं. आबांनी टिकीला हात घातला, तोच मागून एक जण ओरडला, "ओ बाबा! दूर ऱ्हाय! देवले हात नको लावू." आणि जवळ येऊन आबांना वरपासून खालपर्यंत बघत, "कोन शे रे तू?"

आबांनी हात मागे घेतला. त्यांच्या बोटांना शेंदूर लागला होता. ते त्या बोटांकडे बघत राहिले. येताना सायकल हातात धरून चालले, बसले नाहीत. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "बापाला जे ऐकावं लागलं ते मीच माझ्यासाठी घडवून ठेवलं गं."

तोडून टाका, असं ह्यांनी सुचवलं. आबा म्हणाले, तोडलं तर दंगा होईल आणि तुकडे घरोघर पुजले जातील.  मग बरेच दिवस ते पाट्या रंगवायचे, घरी यायचे, अंगणात बसायचे. एका सकाळी माझ्या दाराशी आले, आत आले नाहीत.

"पोरी, तुझ्या बापाचे डोळे जातील."

काय करणार आहेत ते मला ठाऊक नव्हतं. पण ते विचारायला आले होते. मी म्हटलं, "जाऊ द्या आबा."

पावसाळा तोंडावर होता. आबांनी शेठला सांगितलं, की कागद उसवलेत, आत पाणी शिरलं तर फुगून पडेल, डागडुजी केली पाहिजे. शेठनं परवानगी दिली. आबांनी तोंडाभोवती तागाची पोती शिवून कनात केली आणि तिच्या आत घुसले. बाहेर पोत्याला हात जोडून लोक जात होते, आणि आतून तो आवाज येत होता, माझ्या पहिल्या दुपारचा.

पोती उतरवली तेव्हा बाजारचा दिवस होता, माणसं बऱ्यापैकी. आबा तोंडाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

तोंड आबांचं होतं. दोऱ्यानं बांधलेला चष्मा, उजव्या गालावरचा मस, पुढचा पडलेला दात, उभ्या राहिलेल्या भुवया. कपाळ कोरं, नुसत्या आठ्या.  माणसं एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग कोणाच्यातरी कडेवरचा पोरगा खदखदला, "आय वं, हाऊ तं हाऊच शे!" आणि सगळे हसले. घंटा वाजवायला वर गेलेला एकाचा हात तसाच खाली आला आणि डोकं खाजवून गेला. ज्यानं आबांना दूर राहायला सांगितलं होतं तोही त्या दिवशी तिथं होता. त्यानं पुन्हा एकदा तोंडाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि जमिनीवर थुंकून निघून गेला.

शेंदूर त्या दिवसापासून थांबला. आबा मला म्हणाले, "बघितलंस? देव होता तोवर हात जोडले. सुकदेव झाला तर एकानंही नाही." ते हसत होते. मी हसावं की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पण एक म्हातारी तिथंच उभी राहिली होती. पिशवीत नारळ. ती हसली नव्हती. सगळे पांगल्यावर ती आबांपाशी आली आणि म्हणाली, "मंग भाऊ, मी आते कोनले सांगू?"

आबांचं हसू गेलं. ते याच्यासाठी तयार नव्हते. त्यांनी तिला बाकावर बसवलं, हॉटेलच्या पोराला चहा सांगितला, आणि म्हणाले, "माय, माझ्याकडून तर काही होणार नाही. पण ऐकायला मी आहे. सांग."

तिनं सांगितलं. मुलगा सुरतेला गेलेला, येत नाही, निरोप नाही. मोठी गोष्ट, मध्ये मध्ये बैल यायचे, जावा यायच्या. आबा एकदाही मध्ये बोलले नाहीत. शेवटी तिनं नारळ काढला आणि दगडावर आपटून फोडला. आम्ही तिघांनी तो चहाबरोबर खाल्ला. खोबरं बाहेर काढायला मी मदत केली; तेवढंच माझ्या अंगात कोकण उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का एकटी बसनं जाऊन ते तोंड बघून आली. संध्याकाळी आबांचं ताट वाढलं आणि समोर बसली. आम्ही ओट्यावरून कान देऊन होतो.

"नाक जरासं मोठं व्हयनं," ती म्हणाली.

आबांनी भाकरी मोडली. "मूळचंच मोठं आहे."

"तेबी खरं."

शेठ चिडला, बाकीची कामं त्यानं दुसऱ्याला दिली. पण गेटवरचं तोंड त्यानं काढलं नाही, कारण लोक आता ते बघायला थांबायचे. आबा दर वर्षी पावसाळ्याआधी पातं घेऊन तिथं जायचे आणि त्या तोंडाला एक-दोन सुरकुत्या घालून यायचे. पुढे त्याचा आणखी एक दात काढला. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "देव म्हातारा होत नाही. म्हणून याला व्हायला पाहिजे. नाहीतर लोक परत फसतील."

ह्यांची बदली जळगावला झाली. आम्ही सामान पुढे पाठवून बसनं निघालो. अक्कानं दशम्या बांधून दिल्या. आबा घरी नव्हते, सकाळीच कुठे गेले ते सांगितलं नाही, म्हणाली. मला वाईट वाटलं. बस पारोळा रोडला लागली आणि हॉटेल आलं. आबा गेटवर स्टुलावर चढले होते, माझ्याकडे पाठ. डाव्या हातानं आपल्याच थर्माकोलच्या तोंडाची हनुवटी धरली होती, आपण लहान पोराची धरतो तशी, आणि उजव्या हातानं डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक काहीतरी कोरत होते. पांढरे दाणे वाऱ्यावर उडत रस्त्यावर येत होते. मी खिडकीतून "आबा!" म्हणून ओरडले. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर ओळखीचा होता, ह्यांनी सांगितलं असतं तर थांबला असता. मीच नको म्हटलं. हात हलला असता, रेघ चुकली असती.

त्यानंतर भेट झाली नाही. आबा आणि अक्का पुढे चाळीसगावला मुलाकडे गेले. आबा गेल्याचं मला कळलं तेव्हा बरेच महिने होऊन गेले होते. हॉटेलही आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेट गेलं. त्या तोंडाचं काय झालं ते मी अजून विचारत असते. कोणाला माहीत नाही.

जळगावला माझं स्वतःचं काम आहे, सजावटीचं. थर्माकोल बंद झालं, मी पुठ्ठा आणि कागदाचा लगदा वापरते. हाताखाली बायका आहेत, त्यातल्या दोघी-तिघी अशाच लांबून आलेल्या, कडी लावून बसणाऱ्या. कमानी करते, मोर करते. माणसाचं तोंड मी अजून एकदाही केलेलं नाही. हात जातो, पण भीती वाटते, की चुकलं तर? माझा स्वभावच तसा.

पण करणार आहे. आबा, तुमचं तोंड ज्या वयात थांबलं त्याच्या पुढच्या सुरकुत्या कोणी घातलेल्या नाहीत. त्या माझ्याकडे बाकी आहेत. आज असता तर जेवढे म्हातारे असता, तेवढं म्हातारं तोंड मी करीन, आणि माझ्या शेडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभं करीन. शेजारी बाक ठेवीन. कोणाला काही सांगायचं असेल तर आत मी असेन, ऐकायला.